धाकटीचा रिपोर्ट

माझा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा रिपोर्ट एकाच दिवशी, एकाच टेबलावर, पाच मिनिटांच्या अंतराने उघडला गेला. आधी माझा, कारण मी मोठी. माझ्यात दोष निघाला आणि तिच्यात निघाला नाही. त्यानंतरचं जवळजवळ एक वर्ष मी तिचा जेवढा हेवा केला, तेवढा आयुष्यात कुणाचाच केला नाही. ती माझी सगळ्यात जवळची असूनही, किंवा कदाचित म्हणूनच.

सुरुवात झाली ती सायखेड्याहून आलेल्या फोनने. मामाची मुलगी, जेमतेम छत्तीस वर्षांची. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि नाशिकला उपचार चालू होते. एवढ्या कमी वयात कसा, म्हणून डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. तिने माझ्या आईचं सांगितलं. आई होती तेव्हा आम्ही मनमाडला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. आई एकावन्नाव्या वर्षी गेली, अंडाशयाच्या कॅन्सरने. आम्ही मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘पोटात पाणी झालं होतं’ एवढंच सांगायचो. मामाच्या मुलीचं रक्त तपासलं तर एका जनुकात दोष सापडला. पिढीतून पिढीत उतरणारा.

“अक्का, डॉक्टर म्हनले आत्याच्या पोरांना सांग,” ती फोनवर म्हणाली. “बाबा नको म्हनत व्हते. म्हने, कशाला लोकांच्या संसारात मिठाचा खडा टाकती. पन मला राहवलं नाय. तुम्ही दोघी जाऊन या.”

आम्ही दोघी गेलो. रक्त देण्याआधी तिथल्या समुपदेशक बाईंनी कागदावर आमचं घराणं काढलं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. आईचा गोल त्यांनी पेन्सिलने काळा केला. आईत दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता अर्धी. एकाला आला म्हणून दुसरा सुटला असं नाही आणि दुसऱ्यालाही येणारच असंही नाही. धाकटीने वहीत लिहून घेतलं. ती हायस्कूलला शिक्षिका आहे, तिला लिहून घ्यायची सवय. मी पाटबंधारे खात्यात लिपिक आहे. मी फक्त सही कुठे करायची ते विचारलं.

रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागले. त्या दिवसांत मला एक वेडी खात्री वाटत होती, की आलाच तर तिला येईल, मला नाही. कारण धाकटी आईसारखी दिसते. नाक आईचं, कपाळ आईचं, चालताना डावा खांदा किंचित खाली टाकायची लकब आईची. पौर्णिमेला विहारात ती वंदना म्हणायला लागली की जुन्या बायका एकमेकींकडे बघतात. एकदा एक आजी म्हणाल्या होत्या, “डोळे मिटले की तुमची आईच उभी राहते बाई.” मी शेजारीच बसले होते. मी बापावर गेलेली. रुंद जबडा, जाड आवाज. लहानपणापासून मला हे खुपत आलं होतं. आई गेल्यावर तर जास्तच, कारण धाकटीला आरशात आई भेटत होती आणि मला फक्त फोटोत.

आणि आता समुपदेशक बाई माझ्याकडे बघून म्हणत होत्या, “तुमच्यात तो बदल सापडला आहे.”

धाकटीने माझं मनगट घट्ट धरलं. मी टेबलाच्या काचेखालचं औषध कंपनीचं कॅलेंडर बघत राहिले. मग बाईंनी दुसरं पाकीट उघडलं, वाचलं, आणि तिला म्हणाल्या, “तुमच्यात नाही.”

हात तिने सोडला नाही, पण तिची पकड सैल झाली. अर्ध्या क्षणापुरतीच. लगेच ती “ताई गं” म्हणून माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. खरी रडली. पण मला ती सैल झालेली पकडच लक्षात राहिली.

बाई पुढे सांगत होत्या. धाकटीच्या मुलींना आता तिच्याकडून हा दोष यायचा प्रश्नच नाही. माझ्या मुलीला अर्धी शक्यता. घाई नाही, मोठी झाली की तपासायचं की नाही ते तिने स्वतः ठरवायचं. म्हणजे एका कागदाने तिच्या दोन्ही मुली सुटल्या होत्या आणि दुसऱ्या कागदाने माझी एकुलती एक अडकली होती. आईने मला कधी काही वेगळं दिलं नाही म्हणून मी कुरकुरायचे. शेवटी दिलं, तर हे.

त्यानंतर माझ्या तपासण्या सुरू झाल्या. दर वर्षी छातीचा एमआरआय आणि मॅमोग्राफी, मध्ये मध्ये डॉक्टरांनी हाताने तपासायचं. पहिल्या एमआरआयला धाकटी म्हणाली, “मी येते.” मी म्हटलं, “कशाला? तुझ्या शाळेत परीक्षा आहेत.” ती म्हणाली, “बरं.” ती इतक्या सहज मानेल असं मला वाटलं नव्हतं. मीच नको म्हणाले होते, आणि आली नाही म्हणून मीच धुमसत होते.

त्या मशीनमध्ये पालथं झोपवतात. छातीसाठी दोन खोलगट जागा असतात, त्यात शरीर ठेवायचं, हात डोक्यापुढे लांब करायचे. दंडात सुई, कानात बोळे. मग बाहेरून कुणी पत्र्यावर घण घालावेत असा आवाज सुरू होतो. “अजिबात हलू नका,” असं ती मुलगी स्पीकरवरून सांगते. मी हलले नाही. नाकाला खाज सुटली तरी हलले नाही. त्या अर्ध्या तासात मी आईचा विचार केला नाही, लेकीचा केला नाही. धाकटी आत्ता काय करत असेल, एवढाच विचार केला.

बाहेर आल्यावर फोन बघितला. घरच्या ग्रुपवर तिने फोटो टाकला होता. शाळा सुटल्यावर मुलींना घेऊन गंगापूर रोडला मिसळ खायला गेली होती. मटकीवर तर्री, शेजारी दही, पापड. खाली लिहिलं होतं, ‘ताई, रिपोर्ट छानच येणार बघ!’ मी तो फोटो मोठा करून बघितला. ती हसत होती. तिला हसायला काय जात होतं?

रिपोर्ट चांगला आला. काहीही सापडलं नाही. मी ग्रुपवर अंगठा टाकला.

ती रोज फोन करायला लागली. “जेवलीस का? झोप लागली का?” माझ्याशी बोलताना ती शब्द निवडून वापरायची, ते मला कळायचं. स्वतःच्या घरातलं चांगलं काही सांगायची नाही. मुलीला स्कॉलरशिप मिळाली, ती मला तिच्या नवऱ्याकडून कळली. मग मला त्याचाही राग आला. सांगितलं असतं तरी आला असता. एकदा तिने गुडघा दुखतो म्हटलं, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते ‘दुखू दे’. नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. पण आलं होतं, हे खरं.

आमचा मोठा भाऊ मनमाडला असतो. वडिलांसारखाच रेल्वेत. त्याला दोन मुली. समुपदेशक बाईंनी मला एक पत्र दिलं होतं, नातेवाइकांना द्यायचं. त्यात सोप्या भाषेत लिहिलं होतं, की घरात असा दोष आहे, तुम्हीही सल्ला घ्या. ते पत्र महिनाभर माझ्या पर्समध्ये होतं. समोरासमोर सांगायचं आहे, रजा मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. तो दोष माझा होता. निदान तो सांगण्याचा मान तरी माझा असावा, मला वाटेल तेव्हा, असं काहीतरी मनात होतं. सांगितल्यावर सगळे माझ्याकडे बघतील, त्या क्षणाची मी वाटही बघत होते आणि मला त्याची भीतीही वाटत होती.

एका रविवारी भावाचाच फोन आला. “ऐकलं गं मी. काळजी घे. छोटी आली होती काल, तिने सांगितलं. फार रडत होती बिचारी.”

बिचारी! मी फोन ठेवला आणि रिक्षा करून तडक धाकटीच्या घरी गेले. ती दूध तापवत होती.

“माझा रिपोर्ट तू का सांगत फिरतेस?”

“ताई, बस आधी.”

“बसायला नाही आले. का सांगितलंस?”

“महिना झाला. त्याच्या मुली मोठ्या आहेत. थोरली सव्वीसची आहे.”

“मी सांगणार होते.”

“तुला सांगवत नव्हतं. दिसत होतं ना मला. म्हटलं, तुझं तेवढं तरी ओझं…”

“तुला बरं सांगवलं! तुझ्या अंगात असतं तर सांगवलं असतं?” मला थांबता येईना. “आणि रडलीस कशाला? तुझं काय गेलंय? मला आलं आणि तुला नाही आलं, याचं तुला मनातून बरंच वाटतंय.”

तिने गॅस बंद केला. दूध तोपर्यंत वर येऊन ओट्यावर सांडलं होतं. ती फडक्याने ते पुसत राहिली, खूप वेळ, माझ्याकडे पाठ करून. ‘नाही’ म्हणाली असती तर मी भांडले असते. ती नाहीसुद्धा म्हणाली नाही. मी निघून आले.

आमचं बोलणं थांबलं. आणि त्याच दिवसांत माझ्या डोक्यात एक विचार घुसला. रक्त दिलं तेव्हा आम्ही दोघी शेजारी-शेजारी बसलो होतो. दोन नळ्या एकाच ट्रेमध्ये होत्या. सिस्टरने आधी कुणाचं नाव विचारलं, ते मला आठवेना. आईसारखी दिसते ती. आईचं सगळं तिच्याकडे. मग हे एकच माझ्याकडे कसं? नळ्या बदलल्या असतील तर?

जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातून निघाले आणि समुपदेशक बाईंसमोर जाऊन बसले. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. “तसं होऊ नये म्हणून आम्ही प्रत्येक नळी दोनदा तपासून घेतो,” त्या म्हणाल्या. “पण शंका घेऊन जगणं वाईट. परत बघू.” त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. मी हे घरी कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

पुढचे तीन आठवडे मी सुखात होते. हे लिहायला लाज वाटते, पण होते. मनातल्या मनात मी धाकटीकडे जायचे, तिला जवळ घ्यायचे, म्हणायचे, “घाबरू नकोस, मी आहे.” मी तिच्याबरोबर एमआरआयला जायचे, बाहेर तिची पर्स सांभाळत बसायचे. तिला राग येईल असा एकही फोटो टाकायचे नाही. किती चांगली बहीण होते मी त्या तीन आठवड्यांत! फक्त तेवढं व्हायला तिला दोष असायला हवा होता.

रिपोर्ट आला. आधीचाच. नळ्या बदलल्या नव्हत्या.

मग मोठ्या डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. छातीवर लक्ष ठेवता येतं, पण अंडाशयासाठी तशी भरवशाची तपासणी नाही. आईला समजलं तेव्हा उशीर झाला होता, तो त्यामुळेच. मी त्रेचाळीसची, आणखी मूल नको होतं. अंडाशय आणि बीजवाहक नळ्या काढून टाकणं बरं. नवरा कमी बोलतो. घरी येताना एवढंच म्हणाला, “तुझ्या मनाची तयारी झाली की सांग. मी रजा टाकतो.” मी आठ दिवसांत हो म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी धाकटी हॉस्पिटलात हजर. हातात कपड्यांची पिशवी. तारीख तिला माझ्या नवऱ्याकडून कळली असावी; बोलावलं कुणी नव्हतं, तिनेही काही विचारलं नाही. नवऱ्याला म्हणाली, “भाऊजी, तुम्ही घरी जाऊन लेकीकडे बघा. इथे बायकांच्या वॉर्डात तुमचं काम नाही.” आणि ती राहिली. मला बाथरूमला नेलं, केस विंचरले, पेज भरवली. बोललो मात्र कामापुरतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती खुर्चीवर बसून मोसंबी सोलत होती. वॉर्डात सगळे झोपले होते. मी काही ठरवलं नव्हतं, बोलून गेले.

“मी परत रक्त दिलं होतं. दिवाळीच्या आधी.”

“का?”

“मला वाटलं, नळ्या बदलल्या. खरा तुझा असेल.”

ती सोलायची थांबली. आता ही उठून जाणार, असं मला वाटलं.

“मीपण गेले होते,” ती म्हणाली.

हिने माझ्यासाठी… “अगं, माझ्यासाठी कशाला गेलीस?”

“तुझ्यासाठी नाही, ताई.” ती खाली बघत होती. “माझ्यासाठी. मला रोज वाटायचं, फोन येणार. म्हणणार, चूक झाली हो, तो तुमचा होता. आईसारखी दिसते ना मी. सगळे तेच म्हणतात. अंघोळ करताना रोज हाताने चाचपून बघायचे. शेवटी गेले आणि म्हटलं, पुन्हा तपासा. तो तुझाच आहे अशी खात्री करून घ्यायला गेले होते मी.”

“मग?”

“मग झाली खात्री. घरी येऊन पोटभर जेवले. पुरणपोळी होती, दोन खाल्ल्या. आणि मग तुला फोन केला, जेवलीस का म्हणून.” तिने हातातली मोसंबी खाली ठेवली. “तू म्हणालीस ना, तुला बरं वाटतंय. वाटत होतं. म्हणून मला बोलता आलं नाही.”

इतके महिने मी समजत होते की वाईट विचार फक्त माझ्याकडे आहेत आणि चांगुलपणासुद्धा तिच्याच वाट्याला गेला. आणि ही बाई माझ्या वाईटाची खात्री करून पुरणपोळी खात होती. मला हसू फुटलं. टाक्यांत कळ गेली, मी पोटाला उशी दाबून धरली, तरी हसू थांबेना. तिला आधी कळेना, मग तीही हसायला लागली, मग रडायला. समोरच्या खाटेवरच्या मावशी उठून बसल्या आणि म्हणाल्या, “काय झालं? कळा येतात का? सिस्टरला बोलवू?”

तिथून माझा हेवा संपला असं नाही. पण तो सांगण्यासारखा झाला. ऑपरेशननंतर मला एकदम पाळी गेल्यासारखं झालं. अंगातून वाफा निघायच्या, थंडीतही पंखा लावावा लागायचा. धाकटी शाल पांघरून बसलेली दिसली की मी सरळ म्हणायचे, “तुला बघून माझं डोकं फिरतं.” ती म्हणायची, “फिरू दे.”

भाऊ मात्र ऐकत नव्हता. “मी पुरुष माणूस, मला काय होतंय,” हे त्याचं ठरलेलं. जखम भरल्यावर मी स्वतः मनमाडला गेले. बाईंचं ते पत्र त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, “दादा, आई तुझीही होती. तुला काही होईल न होईल, तुझ्याकडून पोरींना जाऊ शकतं.” तो खूप वेळ पत्र उलटसुलट करत बसला. पंधरा दिवसांनी त्याने रक्त दिलं. त्याच्यात दोष निघाला.

मग त्याच्या थोरलीचा फोन आला. आमच्या धाकटीला नाही, मला. “आत्या, तू येशील माझ्याबरोबर?” मी अर्धा दिवस रजा घेतली. मनमाडहून सकाळच्या गाडीने ती नाशिकरोडला उतरली, तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर उभी होते. धाकटी फोनवर म्हणाली, “मला काही विचारलंसुद्धा नाही हं तिने.” तिला लागलं होतं. मला बरं वाटलं, हेही लपवत नाही.

महिन्याने रिपोर्ट घ्यायलाही आम्ही दोघीच गेलो. निगेटिव्ह आला. ती खुर्चीतून उडालीच. तिने मला मिठी मारली, आणि मिठीत असतानाच मला तीच जुनी हेव्याची कळ आली. माझ्या लेकीचं काय? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि तो हात खोटा नव्हता. कळही खोटी नव्हती.

लेकीला अठरावं लागलं त्या महिन्यात मी तिला सगळं सांगितलं. वाटाणे सोलत बसलो होतो. मी काय काय ठरवून ठेवलं होतं, पण ते तसं निघालं नाही. आजीपासून सुरू करून भराभरा ऑपरेशनपर्यंत आले. ऑपरेशनचं तिला माहीत होतं, कशासाठी ते नव्हतं. मग तिने विचारलं, “मावशीला नाहीये?”

“नाही.”

“म्हणजे तिच्या मुलींनाही नाही?”

“नाही.”

“आणि मामाच्या ताईला?”

“तिलाही नाही.”

तिने दोन-तीन शेंगा सोलल्या. “लकी आहेत सगळ्या,” ती म्हणाली. “मला जाम जेलस वाटतंय.”

ज्या शब्दाशी मी वर्षभर झुंजले, तो तिने वाटाण्यांबरोबर पातेल्यात टाकून दिला. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते. समजवायला माझ्याजवळ होतं काय? म्हटलं, “मलाही वाटतं. अजून.”

“मावशीला माहितीये?”

“माहितीये.”

“मग ती काय म्हणते?”

“म्हणते, वाटू दे.”

लेक हसली नाही. तिने टरफलं गोळा केली, मांडी बदलली आणि म्हणाली, “मी आत्ता नाही तपासणार. ग्रॅज्युएशन होऊ दे. तोपर्यंत मला रोज विचारायचं नाही.”

“नाही विचारणार.”

“आणि रोज माझ्याकडे असं बघायचंही नाही.”

हे कबूल करणं मला जड गेलं. पण मी हो म्हटलं आणि पातेल्यात बघत वाटाणे सोलायला लागले.